एक्केचाळिसावी चाल

३ सप्टेंबर, बुधवार

बायको म्हणाली, माझ्या कानाशी भुणभुण करण्यापेक्षा लिहून काढा. ती औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून आल्यावर घरी आणखी एक रोगी ऐकायची तिची तयारी नाही. म्हणून लिहितो. कागदाला तोटा नाही. डावातल्या चाली लिहायचा जो छापील कागद असतो, त्याच्या पहिल्या पानावर चाळीस चाली मावतात. एक्केचाळिसावीपासून दुसरं पान घ्यावं लागतं. माझ्या वर्गातल्या पोरांचे डाव चाळीसच्या आतच आटोपतात, कुणी ना कुणी वजीर फुकट घालवतंच. त्यामुळे दुसऱ्या पानांचे गठ्ठेच्या गठ्ठे कपाटात पडून आहेत आणि त्यांच्या पाठी कोऱ्या आहेत.

आज खारूताईची आई आली होती. खारूताई म्हणजे माझी विद्यार्थिनी, वय तेरा. सात वर्षांची असताना आली तेव्हा हत्तीला 'किल्ला' म्हणायची आणि मारलेली प्यादी खारीसारखी मुठीत लपवून ठेवायची, म्हणून हे नाव. आता जिल्ह्यात तिच्या वयाच्या कुणाला तिच्यासमोर बसायची हौस नाही. आई रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत आहे, तिला आडपडदा ठाऊक नाही. म्हणाली, सर, पुढच्या महिन्यात निवड स्पर्धा आहे, त्यात पहिली आली तर राज्याच्या संघात जाईल. आता तिला डावाच्या सुरुवातीची तयारी हवी, संगणकावरची. तुम्ही तो लावत नाही. तेव्हा आठवड्यातले चार दिवस ती उंटाच्या अकादमीत जाईल.

मी म्हणालो, उत्तम.

ती म्हणाली, रविवारी इथे येईलच. मी म्हणालो, नको, दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही, तिकडे जायचं तर तिकडेच जाऊ दे. ती काहीतरी बोलणार होती, पण मी डावाच्या घड्याळांना किल्ली द्यायला लागलो.

सहा वर्षं मी घडवली आणि पोरगी मला सोडून गेली. याला म्हणतात आयत्या बिळावर नागोबा.

४ सप्टेंबर, गुरुवार

उंटाबद्दल लिहायला हवं, नाहीतर उद्या ही पानं वाचणाऱ्याला वाटेल मी उगाच जळतो.

हा माझा बालमित्र. लांब मान, पाय फेकत तिरकं चालणं. पटावरचा उंटही तिरकाच चालतो, म्हणून शाळेतच त्याचं नाव पडलं, आणि ते मीच पाडलं. आम्ही एकाच बाकावर बसून, वहीत पट आखून, शिक्षकांच्या नजरेआड डाव खेळायचो. मी त्याच्यापेक्षा चांगला खेळायचो. हे मी म्हणत नाही, तेव्हा सगळे म्हणायचे.

तीस वर्षांपूर्वी मोठ्या अजिंक्यपद स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत आम्ही समोरासमोर आलो. जो जिंकेल तो विजेता. तेव्हा डाव लांबला की तहकूब करायची पद्धत होती. ज्याची पाळी असेल त्याने पुढची चाल पटावर खेळायची नाही, कागदावर लिहायची. दोघांचे कागद पाकिटात घालून पाकीट चिकटवायचं आणि पंचांकडे द्यायचं. ठरल्या वेळी पंच पाकीट उघडतात, ती चाल पटावर लावतात आणि डाव पुढे सुरू होतो. चाळीस चाली झाल्या, दुपारचा एक वाजला, पाळी उंटाची. त्याने चाळीस मिनिटं विचार केला, चाल लिहिली, पाकीट दिलं. डाव पाचला सुरू व्हायचा होता.

मी जेवलो नाही. पट मांडून बसलो. दोन तासांनी सापडलं की त्याच्याकडे जिंकायची एकच चाल आहे. घोडा मागे घ्यायचा, अगदी पहिल्या ओळीत. बाकी काहीही खेळला तर मी वाचतो. पण जो माणूस चाळीस मिनिटं विचार करतो तो तीच चाल लिहिणार. पाचला पंधरा मिनिटं कमी असताना मी जिन्यात त्याला गाठलं, हात पुढे केला, हरलो म्हणालो. पाकीट उघडलंच नाही. समोरच्याने हार मानली तर उघडायची गरज नसते.

तो विजेता झाला. त्यावर त्याला बँकेत खेळाडूची नोकरी मिळाली, मग किताब, मग अकादमी. मला वाचनालयाच्या माडीवर अकरा टेबलं मिळाली. माझ्या वर्गाच्या भिंतीवर एकच वाक्य आहे: पाकीट उघडल्याशिवाय हार नाही. पोरांना त्याचा अर्थ कळत नाही. खारूताईला एकदा सांगितला होता.

७ सप्टेंबर, रविवार

खिडकीजवळचं टेबल रिकामं होतं. पंतोजीला तिथे बसवलं. पंतोजी तेरा वर्षांचा आहे, जाड चष्मा, म्हातारं बोलणं, हरला तरी समोरच्याचे आभार मानतो. गुणी आहे. पण खारूताई नव्हे.

वर्ग सुटताना ती स्वतः आली, माझी वही परत करायला. वहीत राजा आणि प्याद्यांच्या शेवटाचे दोनशे डाव आहेत, माझ्या हातचे. मी दारातच वही घेतली. म्हणाली, सर, बसू का थोडा वेळ? मी म्हणालो, जागा नाही. अकरापैकी सात टेबलं रिकामी होती.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, हात दाखवून अवलक्षण कसं करावं हे तुमच्याकडून शिकावं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उंटाचा फोन. आवाजात साखर. म्हणे, पोरीचे शेवट इतके पक्के कसे? माझ्याकडची मोठी मुलंही तिथे चाचपडतात. ती एका वहीचं सांगते, ती वही मला बघायला मिळेल का?

बघा. पोरगी नेली, आता वहीही हवी. मी म्हणालो, वही सापडत नाही. ती समोरच होती.

हा असाच आहे. दहा वर्षांपूर्वी न मागता बारा नवी घड्याळं पाठवली. मी ती अजून खोक्यात ठेवली आहेत, जुन्यांना किल्ली देतो. जिल्ह्याच्या समितीवर माझं नाव सुचवलं. लहान मुलांचे आईबाप त्याच्याकडे गेले की म्हणतो, आधी माडीवर जा, पाया तिथेच घाला. उंटावरून शेळ्या हाकायची हौस. आपलं मोठेपण मिरवायला त्याला माझ्यासारखा कुणीतरी खाली लागतो. बायको म्हणते, एखादा माणूस बरा वागत असेल असंही असू शकतं. तिला काय माहीत. ती कधी हरलेली नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज त्या रस्त्याने काम होतं म्हणून अकादमीपाशी थांबलो. (काम नव्हतं.)

काचेचं दार, थंड हवा, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर सोंगट्या आपोआप हलतात. खारूताई तिसऱ्या रांगेत होती. उंट काहीतरी बोलला आणि ती हसली. माझ्या वर्गात ती हसल्याचं मला आठवत नाही. मी हसण्यासारखं काही बोलत नाही हे खरं, पण तरी.

मला हेवा वाटला. लिहूनच टाकतो. त्या पडद्याचा नाही, त्या थंड हवेचाही नाही. ती त्याला उत्तर द्यायच्या आधी क्षणभर मान तिरकी करत होती, आणि ती सवय तिला माझ्याकडे लागली होती. माझी वस्तू दुसऱ्याच्या घरात मांडलेली दिसावी तसं झालं.

उंटाने मला पाहिलं आणि धावत बाहेर आला. चहा घे, आत ये, पोरांना दोन शब्द सांग. मी बाहेरच्या कपाटातले चषक बघत उभा राहिलो. पन्नासेक असतील, अगदी तालुक्याचेसुद्धा. फक्त तो नव्हता. आमच्या डावाचा, मोठा, चांदीचा. मी विचारलं, तो कुठे आहे? तो म्हणाला, माळ्यावर असेल कुठेतरी, आणि त्याने विषय बदलला.

म्हणजे मला हरवणं ही कपाटात ठेवण्याजोगी गोष्टच नाही. एवढा अपमान त्याने तोंडाने केला असता तरी चाललं असतं.

जाताना म्हणाला, कधीतरी तुझ्याशी निवांत बोलायचंय. मी म्हणालो, मला वेळ नसतो.

११ ऑक्टोबर, शनिवार

निवड स्पर्धेचा तिसरा दिवस. सहा फेऱ्या झाल्या, उद्या सकाळी शेवटची. खारूताई आघाडीवर आहे, पण अर्ध्या गुणानेच. उद्या जिंकली तर संघात. बरोबरी झाली तर मागची मुलगी आपला डाव जिंकून पुढे जाईल. आणि उद्याची तिची जोडी कुणाशी लागली, तर पंतोजीशी. यादी लावली तेव्हा उंट माझ्या शेजारीच उभा होता. म्हणाला, दोन्हीकडून तुझीच पोरं. मानभावीपणाची कमाल आहे.

संध्याकाळी पंतोजीला घेऊन बसलो. जे केलं ते इथे जसंच्या तसं लिहितो, नाहीतर या लिहिण्याला अर्थ नाही.

खारूताईला एक खोड आहे. डाव हातात आला की तिचा हात डोक्याच्या पुढे धावतो. समोर जे ठेवाल ते ती खाते. सहा वर्षं मी तिला सांगत आलो, जिंकायला लागलीस की हातावर बस. कधी बसली नाही. ही खोड मला ठाऊक आहे, तिला ठाऊक आहे, तिसऱ्या कुणाला नाही.

मी ती पंतोजीला सांगितली. म्हणालो, हरायला लागलास तरी हार मानू नकोस. राजा कोपऱ्यात कोंडून घे, इतका की त्याला हलायला घरच उरणार नाही. मग शेवटचा हत्ती तिच्या राजासमोर नेऊन शह दे. तिने तो मारला की तुझ्यावर शह नाही आणि तुला चालही नाही, म्हणजे बरोबरी. ती मारणारच. सात-आठ वेळा मांडून त्याच्याकडून घोटून घेतलं.

पंतोजीने चष्मा पुसला आणि विचारलं, सर, बरोबरी झाली तर मला काय मिळेल?

मी म्हणालो, अनुभव.

पोरगा पाचवा आहे. उद्या जिंकला काय, हरला काय, त्याला काही मिळणार नाही. मी हे त्याच्यासाठी केलं नाही. उद्या उंटाचा चेहरा बघायचा आहे, बस.

१२ ऑक्टोबर, रविवार

ती जिंकली. बाकीचं आज लिहवत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आता लिहितो.

डाव माझ्या हिशेबाबरहुकूम गेला. तीन तासांनी तिच्याकडे वजीर, त्याच्याकडे हत्ती. पंतोजीने राजा कोपऱ्यात कोंडला. मी त्याच्या खुर्चीमागे चार हातांवर उभा होतो. उंट दाराशी. पंतोजीने हत्ती उचलला आणि तिच्या राजाच्या तोंडात नेऊन ठेवला. शह.

तिचा हात उठला. बोटं हत्तीच्या डोक्यापाशी आली. तिथे ती थांबली, मान तिरकी केली आणि वर पाहिलं. पटाकडे नाही, पंतोजीकडे नाही, माझ्याकडे. मग दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. अकरा मिनिटं. पटावर मोजक्याच सोंगट्या उरल्या असताना अकरा मिनिटं फार असतात. मग राजा बाजूला घेतला. पुन्हा शह, पुन्हा बाजूला. चार चालींत ती शहांच्या बाहेर पडली आणि पंतोजीने उभं राहून तिचे आभार मानले. नंतर नळापाशी तो रडताना दिसला. म्हणाला, तुम्ही सांगितलं होतं ती खाईल.

माझ्या मनात पहिला विचार काय आला तेही लिहितो. माझ्याकडे सहा वर्षांत ती हातावर बसली नाही, त्याच्याकडे सहा आठवड्यांत बसली.

जिन्यात उंट भेटला. डोळे भरलेले. त्याने हात पुढे केला, मी धरला नाही. म्हणालो, तुझं बरं आहे, तुला सगळं आयतंच मिळतं. तेव्हा चषक मिळाला, आता पोरगी.

तो पायरीवर बसला. पन्नाशीचा माणूस, कोट घातलेला, मुलं वरखाली करत असताना बसला.

"त्या पाकिटात चाल नव्हती," तो म्हणाला.

मला कळलं नाही.

"चाळीस चालींचं पहिलं पान पाकिटात घातलं. एक्केचाळिसावी दुसऱ्या पानावर लिहिली होती. ते पान माझ्या खिशातच राहिलं. जेवायला बसलो तेव्हा सापडलं."

यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं. पाकिटात चाल नसेल तर पाकीट देणारा हरतो. पाच वाजता पंचांनी ते फोडलं असतं आणि मी विजेता झालो असतो. मला फक्त खुर्चीवर जाऊन बसायचं होतं.

तो म्हणाला की साडेचारला तो मला हे सांगायलाच निघाला होता. खोटं नाही, जिन्यात तो वर येत होता आणि मी खाली उतरत होतो हे मलाही आठवतं. "तू हात पुढे केलास. मी धरला. सोडायला हवा होता, नाही सोडला. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. मग नोकरीचं पत्र आलं."

तीस वर्षं मी ज्याचा हेवा केला तो माणूस त्या दुपारी माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता. मला वाटलं होतं अशा वेळी हलकं वाटतं. नाही वाटलं. त्याची मानगूट धरावीशी वाटली. आणि मग मी जे विचारलं त्याची मला अजून लाज वाटते. मी विचारलं, लिहिली होतीस कुठली चाल?

म्हणाला, घोडा मागे. पहिल्या ओळीत.

म्हणजे माझं गणित बरोबर होतं. आणि त्याने ते पटावर बसून चाळीस मिनिटांत सोडवलं, मला दोन तास लागले. त्या पायरीवर, त्याचा गुन्हा ऐकताना, मला त्याच्या त्या चाळीस मिनिटांचा हेवा वाटला. हा रोग माझ्याबरोबरच जाणार.

तो माफी मागत होता. मी खाली उतरलो. बोलणार काय, आदल्या संध्याकाळी मी पंतोजीबरोबर काय घोटत बसलो होतो हे त्याला कुठे माहीत होतं?

१५ ऑक्टोबर, बुधवार

बायकोला सगळं सांगितलं, पंतोजीचंसुद्धा. तिने निवडायची भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, त्याचं तीस वर्षांनी तुमच्यापर्यंत आलं. तुमचं त्या पोरीपर्यंत कधी पोचवणार?

दुपारी उंट माडीवर आला होता म्हणे, मी नव्हतो. टेबलावर एक पाकीट ठेवून गेला.

१८ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी खारूताई आली, आईबरोबर, संघाचा अर्ज घेऊन. प्रशिक्षकाच्या नावापुढची जागा कोरी होती. आई म्हणाली, तिकडच्या सरांनी सांगितलं की इथे तुमचंच नाव हवं. आणि तिकडे पहिल्याच दिवशी त्यांनी तिला बजावलं होतं, माझं आणि माडीवरच्या सरांचं सांगणं वेगळं पडलं तर त्यांचं ऐकायचं.

मी आईला म्हणालो, खाली दहा मिनिटं बसता का? मग खारूताईला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं.

म्हणालो, हत्तीचा तो सापळा मी पंतोजीला शिकवला होता.

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुम्ही हात मागे बांधून त्याच्या मागे उभे होतात. तुम्ही तसे उभे राहिलात की डावात काहीतरी पुरलेलं असतं. सहा वर्षं बघतेय मी. म्हणून तर हातावर बसले."

मला वाटलं इथेच थांबावं. पोरगी स्वतःच समजली, काम झालं. पण तिला अर्धंच माहीत होतं. म्हणालो, सापळाच नाही. तुझी खोड सांगितली, डाव हातात आला की तू समोरचं खातेस ही. तू हरावीस असं वाटत होतं. तू त्याच्याकडे गेलीस म्हणून.

टेबलावर एक प्यादं होतं, ते तिने मुठीत घेतलं, सात वर्षांची असताना घ्यायची तसं. रडली नाही.

"मी गेले नव्हते," ती म्हणाली. "तुम्ही येऊ नको म्हणालात."

मी घड्याळाला किल्ली द्यायला गेलो, ती आधीच भरलेली होती.

मग तिने प्यादं पटावर ठेवलं आणि उठली. दाराशी वळून म्हणाली, आता दुसरी एखादी खोड लावून घ्यायला हवी, ही सगळ्यांना कळली. आवाज साधा नव्हता. जिना उतरायला लागली, चार पायऱ्यांवर थांबली.

"रविवारी किती वाजता?"

दहा, मी म्हणालो. ती मान हलवून गेली. येईल की नाही ते उद्या कळेल.

अर्जावर माझं नाव लिहिलं. खाली त्याचंही लिहिलं. अक्षर जरा बारीक आलं. शेवटांची वही आणि अर्ज दोन्ही त्याच्याकडे पाठवून दिले. ती बारा घड्याळं खोक्यातून काढली. चांगली चालतात.

पाकीट फोडलं. पंचांची सही, तीस वर्षांपूर्वीची तारीख; तेव्हा पंचांनी ते विजेत्याला न फोडताच देऊन टाकलेलं असणार. आत दोन पहिली पानं, चाळीस-चाळीस चालींची, एक माझ्या हातचं. तेव्हा माझं अक्षर फार सुंदर होतं. आणि पाकिटाला बाहेरून टाचणीने लावलेलं, खिशात दुमडलं गेलेलं ते दुसरं पान. वर एक चाल, बाकी पूर्ण कोरं.

आज लिहितोय ते त्याच्याच पाठीवर. उंटाला तीस वर्षं लागली, मला सात दिवस. एवढ्या एका बाबतीत मी त्याच्या पुढे आहे.